पाचव्या वर्षाचं काय?

बारावीनंतर आर्मीत जायचं की नाही, हा प्रश्न आपल्याकडे प्रश्न म्हणून विचारताच येत नाही. इंजिनिअरिंगला जाऊ का, असं एखाद्या पोरानं विचारलं तर दहा जण दहा हिशेब मांडतात. फी किती, ब्रँच कोणती, प्लेसमेंट काय, लोन कधी फिटणार. त्याच पोरानं ‘भरतीला उतरतोय’ म्हटलं की हिशेब संपतात आणि भाषणं सुरू होतात. पाठीवर थाप पडते. कुणीतरी ‘भारी रे वाघा’ म्हणतं. साडेसतरा वर्षांचं पोरगं आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या करारावर सही करायला निघालेलं असतं आणि तो करार त्याला वाचून दाखवणारं आजूबाजूला कुणी नसतं.

मला या लेखात तो करार वाचायचा आहे. पायदळातला जवान ही नोकरी आहे. जगातल्या सगळ्यात अवघड नोकऱ्यांपैकी एक, पण नोकरीच. तिचा पगार विचारणं, मुदत विचारणं, मेल्यावर घरच्यांना काय मिळणार हे विचारणं यात देशाचा कसलाही अपमान नाही. अपमान असलाच तर तो न विचारता टाळ्या वाजवण्यात आहे. ज्याच्याकडून आपण जीव मागतो, त्याला साधी ऑफर लेटरसुद्धा नीट समजावून न सांगण्यात आहे.

आधी आकडे

१४ जून २०२२ला केंद्र सरकारनं अग्निपथ योजना जाहीर केली. तेव्हापासून अधिकाऱ्यांच्या खालच्या दर्जावर सैन्यात शिरायचा मुख्य रस्ता हाच आहे. मुदत चार वर्षं, प्रशिक्षण त्यातच धरून. चार वर्षांनी तुकडीतल्या जास्तीत जास्त २५ टक्के लोकांना कायम केलं जाणार, बाकीचे घरी.

पॅकेज पहिल्या वर्षी महिना ३०,०००, दुसऱ्या वर्षी ३३,०००, तिसऱ्या वर्षी ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातले ३० टक्के ‘सेवा निधी’त कापले जातात. म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० आणि चौथ्या वर्षी २८,०००. चार वर्षांत पोराचे कापलेले ५ लाख २ हजार होतात, तेवढेच सरकार घालतं, आणि व्याज धरून बाहेर पडताना सुमारे ११ लाख ७१ हजार मिळतात, करमुक्त. ग्रॅच्युइटी नाही. पेन्शन नाही. माजी सैनिकाचा दर्जा नाही, त्यामुळे माजी सैनिकांना आयुष्यभर मिळणारी वैद्यकीय सोयही नाही. ४८ लाखांचा विमा आहे, तो सेवेत असेपर्यंत.

आता खरं बोलू. हे आकडे वाईट नाहीत. चार वर्षांत हातात आलेला पगार साधारण पावणेबारा लाख आणि वर सेवा निधी. म्हणजे बावीस वर्षांच्या आत सव्वातेवीस लाखांच्या पुढे, आणि मधल्या काळात राहणं, खाणं, कपडे सरकारी. मी याच वयात इंजिनिअरिंग करत होतो. माझ्या खात्यात पैसे येत नव्हते, जात होते. शैक्षणिक कर्जाचा शेवटचा हप्ता मी गेल्या वर्षी भरला. चार वर्षांना चार वर्षं लावून तुलना केली तर अग्निवीर माझ्या पुढे आहे.

म्हणून ‘चार वर्षांत काय मिळतं’ यावर वाद घालणं निरर्थक आहे. योजनेचे समर्थक नेमका तोच वाद घालतात, कारण तिथे ते जिंकतात. प्रश्न पाचव्या वर्षाचा आहे. इंजिनिअरिंगची चार वर्षं संपली की नोकरी सुरू होते. अग्निवीराची चार वर्षं संपली की नोकरी संपते.

११ लाख ७१ हजार बँकेत ठेवले आणि ७ टक्के व्याज धरलं तर महिन्याला पावणेसात-सात हजार येतात. बावीस वर्षांच्या पोराकडे घरात लग्नाची बहीण असते, सोसायटीचं कर्ज असतं, बोअरला पाणी लागलेलं नसतं. ती रक्कम किती दिवस बँकेत राहील, हे गावाकडच्या कुणालाही विचारा.

गोळी करार वाचत नाही

योजनेतला सगळ्यात न पटणारा भाग पगाराचा नाही, मरणाचा आहे.

कायम सेवेतला जवान लढताना गेला तर त्याच्या कुटुंबाला एकरकमी मदतीशिवाय आयुष्यभर पेन्शन मिळते. अग्निवीर गेला तर विम्याचे ४८ लाख, सानुग्रह ४४ लाख, उरलेल्या मुदतीचा पगार आणि सेवा निधी मिळतो. रक्कम मोठी आहे. पण ती एकदाच येते, आणि आईबाप किंवा बायको पुढची चाळीस वर्षं जगतात. महागाईबरोबर पेन्शन वाढते, एफडी वाढत नाही.

ऑक्टोबर २०२३मध्ये सियाचीनवर कर्तव्यावर असताना बुलढाणा जिल्ह्यातल्या एका अग्निवीराचा मृत्यू झाला. मे २०२५मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत नियंत्रण रेषेवरच्या तोफमाऱ्यात एक अग्निवीर गेला, त्याचं कुटुंब अनेक वर्षं मुंबईत घाटकोपरला राहिलेलं. या दोघांच्या शेजारी उभा असलेला, त्याच चौकीवरचा, तीच थंडी आणि तोच मारा झेलणारा दुसरा जवान कायम सेवेतला असू शकतो. बर्फाला दोघांतला फरक कळत नाही. फरक फक्त फायलीत आहे.

ही गोष्ट पैशाच्या चणचणीनं समजावून सांगता येत नाही. युद्धात किंवा सीमेवर जाणाऱ्या अग्निवीरांची संख्या अशी नाही की त्यांच्या कुटुंबांना समान पेन्शन दिल्यानं देशाचं बजेट कोलमडेल. एकाच खंदकात दोन दर्जाचे मृत्यू ठेवायचे नाहीत, एवढं तत्त्व मान्य केलं तर हा नियम उद्या बदलता येईल.

‘सैन्य तरुण हवं’

दुसऱ्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा हा आहे, आणि तो टाळून चालणार नाही. डोंगरावर लढायला तरुण शरीर लागतं. १९९९ साली कारगिलमध्ये सोळा-सतरा हजार फुटांवर चढून लढावं लागलं तेव्हा हे पुन्हा सिद्ध झालं. योजना आणताना सरकारनं सांगितलं की जवानांचं सरासरी वय ३२वरून हळूहळू २६वर येईल. हेतू योग्य आहे. पस्तिशीतल्या माणसानं पाठीवर वीस-पंचवीस किलो घेऊन कडा चढावा अशी अपेक्षा कुणीच करू नये.

पण कारगिलनंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली जी समिती नेमली गेली, तिनं काय सुचवलं होतं? तरुण सैन्यच सुचवलं होतं. तेव्हा किमान सतरा वर्षांची असलेली सेवा सात ते दहा वर्षांवर आणावी, आणि नंतर या प्रशिक्षित लोकांना निमलष्करी दलांत घ्यावं, अशी तिची शिफारस होती. सात ते दहा वर्षं, आणि पुढे दुसरी वर्दी तयार. त्यातलं ‘तरुण’ तेवढं उचललं, मुदत चार वर्षांवर आणली आणि दुसऱ्या वर्दीच्या जागी कोटा ठेवला. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत १० टक्के जागांपासून सुरुवात झाली, हरियाणा-उत्तर प्रदेशसारख्या राज्यांनी पोलीस भरतीत कोटा जाहीर केला. चांगलं आहे. पण कोटा म्हणजे नेमणूक नव्हे. परत अर्ज, परत परीक्षा, परत वाट बघणं.

मग चारच वर्षं का? सरकार पेन्शनचं नाव घेत नाही, पण आकडे बोलतात. २०२२-२३च्या बजेटमध्ये संरक्षणासाठी सुमारे ५ लाख २५ हजार कोटी होते आणि त्यातले जवळपास १ लाख २० हजार कोटी पेन्शनवर जात होते. म्हणजे रुपयातले जवळजवळ तेवीस पैसे. हे ओझं खरं आहे, ते कमी करायला हवं असं कुणी म्हटलं तर मी त्याच्याशी चर्चा करायला तयार आहे. माझी एकच अट आहे. खर्च कमी करायचाय तर ‘खर्च कमी करायचाय’ असं म्हणा. बचतीला ‘अग्नि’ आणि ‘वीर’ ही नावं देऊ नका. आणि एक लक्षात घ्या, ही कपात अधिकारी दर्जाच्या खालच्यांनाच लागू झाली. एनडीएतून कायम कमिशन घेऊन बाहेर पडणाऱ्या अधिकाऱ्याची पेन्शन जागेवर आहे.

आम्हा आयटीवाल्यांना चार वर्षं आणि पंचवीस टक्के हे आकडे ओळखीचे आहेत. कंपनीचे शेअर्स मिळतात तेव्हा बहुतेक ठिकाणी ते चार वर्षांत, दर वर्षी पंचवीस टक्के असे आपल्या नावावर होतात. चार वर्षं टिकलात तर शंभर टक्के तुमचे. अग्निवीर चार वर्षं टिकला तर त्याला राहण्याची जास्तीत जास्त पंचवीस टक्के शक्यता मिळते. एखाद्या सॉफ्टवेअर कंपनीनं चार वर्षांनी ७५ टक्के लोकांना काढायचं ऑफर लेटरमध्येच लिहिलं असतं, तर आम्ही लिंक्डइनवर केवढा आक्रोश केला असता!

एका पेन्शनवर किती माणसं उभी राहतात

माझं आजोळ माण तालुक्यातलं. पाऊस नावाला, ज्वारी-बाजरी देवाच्या भरवशावर. त्या पट्ट्यातून पोरं पलटणीत का जातात, याला ‘रक्तातच आहे’ असं उत्तर द्यायची पद्धत आहे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढेच ‘मिलिटरी’ लागलेलं आहे, याचा आपण अभिमानानं उल्लेख करतो. अभिमान असावाच. पण रक्ताबरोबर जमिनीकडेही बघा. जिथे कालवा पोचला तिथे पोरं उसात राहिली. जिथे नाही पोचला तिथे मुंबईची गिरणी, गोदी, नाहीतर बेळगावचं मराठा सेंटर.

आईचे मोठे काका त्याच वाटेनं गेले आणि हवालदार होऊन पस्तिशी उलटल्यावर परत आले. दर महिन्याला येणाऱ्या त्यांच्या पेन्शनवर विहीर खोदली गेली, दोन भावांची लग्नं झाली, आणि घरातली पहिली मुलगी डीएडला गेली. ती माझी आई. पुढे ती शिक्षिका झाली, तिच्या पगाराच्या स्लिपवर मला शैक्षणिक कर्ज मिळालं. मी आज हिंजवडीत एसीत बसून कोड लिहितो, याचं मूळ एका हवालदाराच्या पेन्शन बुकात आहे. यात मी भावनेच्या भरात काही जोडलेलं नाही, ही आमच्या घराची सरळ बेरीज आहे.

हे फक्त आमच्या घराचं नाही. महाराष्ट्राचा सामाजिक इतिहास काढून बघा. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यात होते, त्या काळात सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाकडे लष्कर लक्ष देत होतं, आणि १८९१ साली महूच्या छावणीत जन्मलेला त्यांचा मुलगा पुढे देशाची घटना लिहिणारा बाबासाहेब झाला. अस्पृश्यतेविरुद्ध सुरुवातीच्या काळात लेखणी चालवणारे गोपाळबाबा वलंगकर हेही सैन्यातून निवृत्त झालेले पेन्शनर. इंग्रजांनी महारांची भरती बंद केली तेव्हा १८९०च्या दशकात ती पुन्हा सुरू व्हावी म्हणून अर्ज केले गेले. ते कशासाठी होते? नुसतं लढायला मिळावं म्हणून नव्हे. सैन्याची नोकरी म्हणजे नियमित पगार, लिहिणं-वाचणं, गावात ताठ मान आणि म्हातारपणी पेन्शन, म्हणजे जातीच्या उतरंडीतून वर चढायची एक शिडी होती. १९४१ साली महार रेजिमेंट उभी राहिली तिच्यामागे हा सगळा झगडा आहे.

शिडीचं काम पायऱ्यांनी होतं. पंधरा-सतरा वर्षांची नोकरी आणि पुढची पेन्शन यांनी एका माणसानं अख्खं घर एक मजला वर नेलं. चार वर्षांत त्या पोराचा स्वतःचा खर्च निघेल, कदाचित एक खोली बांधून होईल. घर वर जाईल का, याबद्दल मला शंका आहे. आणि ज्यांच्या घराला ती शिडी आधीच लागून गेली, त्या माझ्यासारख्यांनी तरी शिडी आखूड होताना गप्प बसू नये.

‘दादा, तुझं काय?’

माझा मामेभाऊ यंदा बारावीत आहे, सायन्सला. पहाटे पाचला हायवेच्या कडेनं पळतो. सोळाशे मीटर पाच-तीसच्या आत आणायचे म्हणून घड्याळ लावून पळतो, कारण त्या वेळेत आलं की पूर्ण ६० गुण. दहा बीम मारले की ४०. नऊ फुटांचा खड्डा तो हसत उडी मारून पार करतो. त्याला मी वरचे सगळे आकडे ऐकवले. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “दादा, तू सहा वर्षात तीन कंपन्या बदलल्या. तुझी तरी नोकरी कुठं कायमची हाय?”

हा बिनतोड वाटणारा प्रश्न आहे आणि तो अनेकांच्या मनात असतो, म्हणून त्याला इथेच उत्तर देतो. मी कंपन्या बदलल्या, कारण मला बदलता आल्या. पहिल्या कंपनीत शिकलेलं दुसरीत विकता आलं. जावा एका कंपनीचा नसतो. पायदळातल्या जीडी जवानाला जे कौशल्य येतं ते विकत घेणारा देशात एकच मालक आहे, आणि त्याच मालकानं त्याला नुकतंच घरी पाठवलेलं असतं. मशीनगन खोलून तीस सेकंदांत जोडता येते याला सिव्हिलमध्ये भाव नाही. उरतं काय, तर सिक्युरिटी. ज्या सोसायटीच्या गेटवर सियाचीन पाहिलेला पोरगा बसतो, त्याच सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आर्मीनं शिस्त लागते’ हा मेसेज फिरत असतो.

२०२२मध्ये काही मोठ्या उद्योगपतींनी ट्विट करून सांगितलं होतं की अग्निवीरांचं आम्ही स्वागत करू. मी गेली तीन वर्षं मुलाखती घेणाऱ्यांत असतो. अर्ज माणसापर्यंत पोचण्याआधी एक फिल्टर बसलेला असतो आणि त्यात ‘बीई/बीटेक’ असं लिहिलेलं असतं. सेवेत असताना दहावीवाल्याला बारावीचं प्रमाणपत्र मिळण्याची सोय केली आहे, इग्नूच्या पदवीत निम्मे क्रेडिट सैन्यातल्या प्रशिक्षणाचे धरले जातात. या चांगल्या गोष्टी आहेत. पण ती पदवी फिल्टरमधून जाणार नसेल तर ट्विटचं लोणचं घालायचं का?

मामेभावाला मी ‘जाऊ नकोस’ म्हटलेलं नाही. त्याचा प्रश्न खरा होता, पण त्याच्या मागे आणखी एक वाक्य होतं, जे तो बोलला नाही: माझ्याकडे दुसरं काय आहे? बारावीनंतर साध्या घरातल्या पोराला पहिल्या महिन्यापासून पगार देणारे, फी न मागणारे, ओळख न विचारणारे दरवाजे आपल्याकडे किती आहेत? सैन्याचा आहे. म्हणून रांग तिथे लागते. त्या रांगेला निव्वळ देशभक्ती म्हणणं हा सरकारच्या सोयीचा अर्थ आहे, आणि निव्वळ नाइलाज म्हणणं हा आमच्यासारख्या शहरी शहाण्यांच्या सोयीचा. पोरांच्या मनात दोन्ही असतं, एकाच वेळी. त्यांना वर्दी खरोखर हवी असते आणि पगारही खरोखर हवा असतो. दोन्ही मान्य करायला लाज कसली?

स्वप्नाचे दुकानदार

या रांगेवर जगणारा एक धंदाही आहे. पत्र्याचं शेड, पुढे मैदान, वर तिरंगा आणि ‘करिअर अकादमी’चा बोर्ड. पश्चिम महाराष्ट्रात आणि मराठवाड्यात तालुक्या-तालुक्याला अशी ठिकाणं आहेत. काही खरोखर चांगली आहेत, माजी सैनिक पोटच्या पोरासारखं शिकवतात. बाकीच्यांत महिन्याला हजारो रुपये, एका खोलीत वीस गाद्या, डाळीत पाणी. एका ठिकाणी माझ्या भावाकडून सहा महिन्यांची फी आगाऊ घेतली, पावती कोऱ्या कागदावर. गुडघा दुखावून पोरगं परत आलं तर पैसे बुडाले. मेडिकलमध्ये बाद होण्याची शक्यता किती, सपाट पाय म्हणजे काय, डोळ्यांची अट काय, हे पहिल्या दिवशी तपासायला खर्च येत नाही. पण ते तपासलं तर निम्मी फी दारातूनच परत जाईल.

वर रील्स आहेत. बर्फ, रायफल, मागे ढोल. पंधरा सेकंदांच्या व्हिडिओत कधी करार दिसतो का? कोविडच्या दोन वर्षांत बरेचसे भरती मेळावे झाले नाहीत. फिजिकल आणि मेडिकल पास होऊन लेखी परीक्षेची वाट बघत बसलेल्या पोरांना अग्निपथ आल्यावर सांगितलं गेलं की जुनी प्रक्रिया रद्द, नव्यानं अर्ज करा. त्यांची उमेदीची वर्षं गेली, काहींचं वय गेलं. दिल्ली उच्च न्यायालयानं २७ फेब्रुवारी २०२३ला योजना वैध ठरवली. कायद्याचा प्रश्न तिथे सुटला असेल. पण त्या पोरांवर कुणी रील केलं नाही.

स्टेटसवाल्यांनो

आता आपल्याबद्दल. ऑफिसातले माझे मित्र २६ जानेवारीला डीपी बदलतात, आणि दर युद्धाच्या बातमीला कुणीतरी लिहितंच: ‘इस्रायलसारखं सगळ्यांना सक्तीचं करा.’ करा ना. पण सक्ती म्हणजे तुमच्या फ्लॅटमधल्या मुलालासुद्धा. आयआयटीच्या क्लासला दोन लाख भरलेल्या मुलालासुद्धा. तेव्हा ‘सगळे’ या शब्दाचा अर्थ बदलतो आणि ‘ज्यांना दुसरं काही जमत नाही ते सगळे’ असा होतो.

एनडीए पुण्यात, खडकवासल्याला आहे. आमच्या ऑफिसपासून तासाभरावर. बारावीनंतरच तिथेही जाता येतं. त्या परीक्षेचा पेपर इंग्रजी आणि हिंदीत असतो. म्हणजे बारावीच्या उंबऱ्यावरच रस्ता फुटतो. ज्याला इंग्रजी आणि क्लास मिळाला तो अधिकारी होऊन पेन्शनकडे, ज्याला पळायला हायवे मिळाला तो जवान होऊन चार वर्षांकडे. आपण दोघांनाही एकच सॅल्यूट ठोकतो आणि त्यालाच समता म्हणतो.

आपल्याला काही करायचंच असेल तर सॅल्यूटपेक्षा स्वस्त आणि उपयोगी कामं आहेत. २०२३च्या सुरुवातीला प्रशिक्षणाला लागलेल्या पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६च्या अखेरीस भरतात. आपापल्या कंपनीच्या एचआरला विचारा: फिल्टर कधी काढताय? सपोर्ट, नेटवर्क ऑपरेशन्स, लॉजिस्टिक्स, जिथे पदवीपेक्षा जबाबदारी महत्त्वाची, तिथे सहा महिन्यांचं ट्रेनिंग देऊन घेणार का? आणि सरकारला विचारा: बाहेर पडलेल्या प्रत्येक तुकडीतल्या किती जणांना, कुठे, किती पगाराची नोकरी मिळाली, हे दर वर्षी छापणार का? कॉलेजांना प्लेसमेंटचे आकडे छापायला लावणाऱ्या देशात हे अवघड नसावं. मरणात आणि अपंगत्वात समान पेन्शन. कायम करण्याचं प्रमाण निम्म्यावर तरी. भरती अकादम्यांना नोंदणी आणि फी परताव्याचा नियम. या चार मागण्यांत सैन्याविरुद्ध एक अक्षर नाही.

आणि तू, बारावीतल्या

तू हे फोनवर वाचत असशील, कदाचित पळून आल्यावर. तुला सल्ला देण्याचा अधिकार मला नाही, मी कधी रायफल धरलेली नाही. पण करार वाचायची मला सवय आहे, तेवढं घे.

सायन्सला असशील तर फॉर्म भरताना सरळ जीडीवर बोट ठेवू नकोस. जीडीला दहावी आणि ४५ टक्के पुरतात. तुझ्याकडे बारावीचं फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स, इंग्रजी आणि ५० टक्के असतील तर टेक्निकलचा पर्याय खुला आहे, आणि तिथे शिकलेलं बाहेर येऊन विकता येतं. एनडीएचा फॉर्म वर्षातून दोनदा निघतो, तो भर, नापास झालास तरी काही जात नाही. धाकटा भाऊ दहावीत असेल तर त्याला छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्थेबद्दल सांग. राज्य सरकारची ती संस्था अकरावी-बारावीच्या दोन वर्षांत एनडीएचीच तयारी करून घेते.

हे सगळं बघूनही पायदळच हवं असेल, तर जा, आणि ताठ मानेनं जा. मात्र जाण्याआधी तीन गोष्टी एका कागदावर लिही. पाचव्या वर्षाच्या पहिल्या सोमवारी तू काय करणार. सेवा निधीला हात लावायचा नाही, हे घरातल्या कुणाला आत्ताच सांगून ठेवलंयस. आणि वर्दीतला फोटो कुणीच बघणार नसतं, तरी तू गेला असतास का. तिसऱ्याचं उत्तर ‘हो’ आलं तर तुला कुणाच्या भाषणाची गरज नाही. ‘नाही’ आलं तर अजून वेळ आहे, आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

कुणी म्हणेल, देशासाठी निघालेल्या पोराला एवढे हिशेब कशाला शिकवता? तर देशानंही हिशेब केलेला आहे, रुपयात आणि महिन्यात, सहीच्या जागेपर्यंत. दोघांपैकी एकानंच हिशेब करायचा, हा नियम कुणी केला?